गावाचे नाव आणि फडातील पोर

जयसिंगपूर हे नाव कोणाचे? शाळेतील मुलांना असा प्रश्न घालून गावचा इतिहास शिकवावा, हे आम्हास मनापासून पसंत आहे. जेथील भाकर खातो, तेथील मूळ ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. कागलचे जयसिंगराव घाटगे १८८६ साली वारले, तेव्हा कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेलेले त्यांचे चिरंजीव शाहू छत्रपती अवघे अकरा वर्षांचे होते. त्यांनीच पुढे ही पेठ वसवून तिला जन्मदात्याचे नाव दिले.

पण एवढे पाठ झाले की काम संपले, असे गुरुजींनी समजू नये. याच राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना १ रुपया दंड ठेवला. आणि आज? शिरोळ तालुक्यात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची पुष्कळ पोरे हंगामभर फडात पाचटावर धाकटी भावंडे सांभाळीत बसतात. साखर आपली होते, शाळा त्यांची बुडते.

म्हणून आमची सूचना अशी की, मुलांनी वहीच्या एका पानावर गावच्या नावाची हकीकत लिहावी आणि दुसऱ्या पानावर शिवारातील शाळेबाहेरच्या पोरांची मोजदाद. शेतकरी बंधूंनो, टोळी तुमच्याच फडात उतरते. मुकादमास पहिला सवाल पोरांच्या शाळेचा करा. शाहूराजांचे ऋण फेडावयाचे ते असे.