एकच नाच, दोन कायदे

२००५ साली महाराष्ट्रातले डान्सबार बंद झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायांनी पेढे वाटले होते. खोटे कशाला बोलावे, त्यातला एक आम्हीही खाल्ला. घरचा कर्ता पुरुष पगाराचे पाकीट बारमध्ये रिकामे करून पहाटे दार ठोठावतो, त्या घरच्या माऊलीला दुसरे काय वाटणार? तिचा राग खरा होता. पण त्या रागाच्या जोरावर सरकारने कायदा कसा केला, हे वाचक बंधू-भगिनींनी नीट पाहावे.

मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे नव्याने घातली गेली. कलम ३३-अ ने बिअर बार आणि परमिट रूममधला नाच बंद केला. त्याला लागूनच कलम ३३-ब आले. तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, तसेच सभासदांचे क्लब आणि जिमखाने यांना ही बंदी नाही! म्हणजे तीच मुलगी, तेच गाणे, तोच नाच. साध्या बारमध्ये गुन्हा आणि मोठ्या हॉटेलात करमणूक. अश्लीलता नाचात होती की गिऱ्हाइकाच्या कपड्यांत, असा प्रश्न कोणीही विचारील. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. घटनेचे कलम १४ सर्वांना समान वागणूक देते आणि कलम १९ व्यवसायाचे स्वातंत्र्य देते, म्हणून ही बंदी रद्द ठरली. सरकार दिल्लीला धावले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले.

खरे म्हणजे नव्या कायद्याची गरजच काय होती? सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद देणारे कलम २९४ जुन्या दंडविधानात होतेच. (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते २९६ झाले आहे.) ते वापरायचे तर पोलिसाला कोर्टात अश्लीलता सिद्ध करावी लागते. सरसकट बंदीत ती कटकट नाही.

या सगळ्यात बायांचे काय झाले? ७५ हजारांहून अधिक बायांचा रोजगार बुडाला, हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. पोटासाठी अनेकींना शरीरविक्रय पत्करावा लागला, हेही त्याच निकालात आहे. बायांची अब्रू राखायला म्हणून कायदा केला आणि त्यांना जास्त खोल खड्ड्यात लोटले. त्यांतल्या कितीतरी जणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या. त्यांच्या आज्यांना नाचायला लावणारा समाजच नातींना अश्लील म्हणत होता.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तरी असल्या धंद्याला कधी पाठिंबा दिला? नाही दिला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या भगिनींना त्यांनी कडक शब्दांत सांगितले, हे जिणे सोडा. पण ते त्यांच्यासमोर उभे राहून बोलले, त्यांना आपले मानून बोलले. त्यांच्या दारात शिपाई धाडणे ही निराळी गोष्ट आहे.

सरकार मात्र थांबले नाही. २०१४ मध्ये मोठ्या हॉटेलांनाही धरून पुन्हा बंदी आणली, तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. मग २०१६ चा अश्लील नृत्याविरुद्धचा खास कायदा आला. त्याच्या अटी वाचून आम्हाला हसावे की रडावे कळेना. नाचाच्या जागी कॅमेरे, दारू आणि नाच यांच्यामध्ये भिंत, शाळा व देवळापासून एक किलोमीटर दूर. (मुंबईत अशी जागा दाखवणाऱ्याला आम्ही चहा पाजू!) जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी रद्द केल्या. नोटा उधळायची बंदी आणि रात्री साडेअकराची वेळ तेवढी कायम ठेवली. बक्षिसी मात्र हातात देता येते.

पगार बारमध्ये गेल्याने पोरे उपाशी निजली, अशी घरे आमच्या वाचकांत आहेत. बार बंद झाल्यामुळे पोरांची शाळा सुटली, अशीही घरे असतील. दोन्हीकडच्या भगिनींनी आम्हाला लिहावे. नाव छापणार नाही.