जिन्यावरची धाप

दिल्लीच्या करोल बागेत अजमलखान रस्त्यावर सावकाश हिंडणारी एखादी तरुण स्त्री घरचा तिसरा मजला चढताना मात्र मध्येच थांबते. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची मंडळी याला अशक्तपणा म्हणतात, कोणी आळसही म्हणतो. दवाखान्यात खुर्चीवर बसवून छाती तपासली, तर फुप्फुसे बहुधा स्वच्छच आढळतात. ही तपासणी अपुरी होय.

फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्यांच्या भित्ती जाड झाल्या, की त्यांतील दाब वाढतो. विसावलेल्या शरीरापुरते रक्त हृदयाचा उजवा कप्पा त्यातूनही रेटतो. चढताना स्नायूंची मागणी वाढते, पुरवठा त्या मानाने वाढत नाही. श्वास भराभर घेतला, तरी हवा पोहोचते तेथे रक्त पोहोचत नाही. रोग विरळा, म्हणूनच तो चटकन सुचत नाही. रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो हे पाहण्यास घड्याळ व सरळ पडवी पुरते. पक्के निदान मात्र उजव्या हृदयात नलिका घालून दाब मोजल्यावरच होते.

पुढे ‘आता पडून राहा’ असा उपदेश होतो. तोही कालबाह्य आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषधे चालू असलेल्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली (हे शब्द कोणी गाळू नयेत) १५ आठवडे व्यायाम केला. व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत त्यांचे सहा मिनिटांतील चालणे सुमारे १११ मीटरांनी अधिक भरले.