किती जणांपैकी किती?

माझ्या पहिल्या कादंबरीत कर्नाळ्याच्या पायथ्याचा एक भगत आहे. विंचू चावलेल्या पोरीचे विष तो मंत्राने उतरवतो. ते प्रकरण वाचून पुष्कळांनी माझी पाठ थोपटली. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाला विंचू चावला. घरच्यांनी त्याला आधी भगताकडे नेले आणि तेथे तीन तास घालवून मग पनवेलला आणले. मुलगा वाचला, पण थोडक्यात. मी रागे भरलो, तेव्हा त्याचा थोरला भाऊ शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुम्हीच तर लिहिलंय की उतरतो म्हणून!"

माझे भांडण त्या भगताशी नाही. तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे वागतो. माझे भांडण आहे ते आम्हां लिहिणाऱ्यांशी आणि आम्हांला छापणाऱ्यांशी.

भगताला यश येते, हे मुळीच खोटे नव्हे. पण ते का येते? विंचू चावलेली बहुतेक माणसे काहीही न करता बरी होतात. त्यातून गंमत अशी, की डंखाच्या जागी असह्य कळा येऊन जो गडाबडा लोळतो, त्याच्या जिवाला बहुधा धोका नसतो. ज्याला वांत्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, त्याचे काळीज धोक्यात असते. भगताचे नाव होते ते पहिल्याच्या जोरावर. दुसरा दगावला, की ते त्याचे नशीब!

हा भेद ज्याने टिपून ठेवला तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने धडधाकट माणसे पटापट मरत होती आणि पुस्तकांत त्यावर धड उपाय नव्हता. प्रयोगशाळा कुठली असायला? त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद केली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे ध्यानी घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. 1986 साली ते ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात छापून आले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पूर्वीच्या रुग्णांशी आजच्यांची तुलना करण्यात एक खोट राहते. काळ बदलतो, रुग्ण लवकर येऊ लागतात, शुश्रूषा सुधारते. मग श्रेय नेमके कोणाचे? म्हणून पुढे विंचवावरची प्रतिविष लस हाताशी आली, तेव्हा त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडलाच 70 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही. दुसरा गट लवकर सावरला. हे 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. संशोधन, संशोधन म्हणून ज्याचा बाऊ केला जातो, त्याचे हाड एवढेच आहे: किती जणांपैकी किती बरे झाले, आणि ज्यांना ते औषध दिले नाही त्यांचे काय झाले? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मला तो कळतो.

मग आमच्या मराठी अंकांत तो का दिसत नाही? ‘अनुभवसिद्ध’ हा एक शब्द लिहिला, की मधुमेहापासून मूतखड्यापर्यंत सगळे काही बरे होते. कोणाचा अनुभव? किती जणांचा? कुठे छापला? संपादक लेखकाची जोडाक्षरे तपासतात, पुरावा तपासत नाहीत. दुसरीकडे, कोकणातल्या विंचवाचे ज्ञान लंडनला इंग्रजीत छापले जाते. ‘पबमेड’ या अमेरिकेच्या सरकारी सूचीत त्याचा माग फुकट लागतो, पण सूचीतले अनेक मूळ लेख पैसे मोजल्यावाचून उघडत नाहीत. 2025 पासून सरकारने हजारो नियतकालिकांची वर्गणी एकदम भरली खरी. परंतु ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. वाडीवरच्या खाजगी डॉक्टराने आणि गावच्या मास्तराने कुठे जावे?

त्यांच्यासाठी मराठीत कोणी तरी लिहिले पाहिजे, आणि ते काम आमचे आहे. माझी संपादकांना विनंती आहे: ज्या लेखात औषध असेल, त्यात ते किती जणांवर पारखले आणि ते कुठे छापले आहे, हे नसेल तर लेख साभार परत करा. माझा असला तरी करा.

कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. तीत भगत राहील, मंत्रही राहील. परंतु पोरीला घाम फुटताच तिचा बाप तिला पाठीवर घेऊन दवाखान्याची वाट धरील. मातीचा गंध थोडा कमी झाला तरी चालेल.