घरकामाचे मोल आणि गणवेशाची शिलाई

२०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षी महाराष्ट्र शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ असे धोरण अंमलात आणले. तोपर्यंत शाळा व्यवस्थापन समित्या आपापल्या गावी कापड घेऊन गणवेश शिवून घेत असत. ते अधिकार काढून घेऊन कापडाची खरेदी राज्यपातळीवर एकवटण्यात आली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले. दुसऱ्या गणवेशाचे नुसते कापड समित्यांच्या हाती देऊन त्याच्या शिलाईसाठी १०० रुपये आणि अनुषंगिक खर्चासाठी १० रुपये असा दर बांधण्यात आला. पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी असंख्य मुलांच्या अंगावर गणवेश चढला नाही. ज्यांना मिळाला त्यांतील पुष्कळांच्या अंगाला तो बसला नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि समित्यांचे अधिकार समित्यांना परत केले.

या प्रकरणाची चर्चा ठेकेदारी, दिरंगाई आणि केंद्रीकरण या अंगांनी झाली व ती योग्यच होती. तथापि एक प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून निसटला. कापड मोजणे, बेतणे, शिवणे, काजे-गुंड्या करणे, इस्त्री करणे या सगळ्याचे १०० रुपये कोणत्या हिशेबाने ठरले? कापडाच्या किमतीला गिरणीचा हिशेब असतो, वाहतुकीला मोटारीचा असतो. शिलाईच्या दराला कोणता? या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात सापडणार नाही. ते घराघरांतील स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि शिवणाच्या यंत्रापाशी शोधावे लागेल.

वाशीम जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. अकोल्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि तीपैकी सुमारे ८२ टक्के लोक खेड्यांत राहत होते. २०१८ साली नीति आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची जी ‘आकांक्षित’ म्हणून निवड केली, तीत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचेही नाव होते. पोषण, आरोग्य, शिक्षण हे त्या निवडीचे निकष होते. मुलांच्या ताटात काय पडते आणि अंगावर काय असते, हा प्रश्न येथे सरकारी कागदावरही अग्रक्रमाने आलेला आहे.

रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या अथवा शेतमजुराच्या घरातील स्त्रीचा दिवस कसा जातो? पहाटे पाणी भरणे, झाडलोट, चहा, भाकरी-भाजी, मुलांना शाळेसाठी तयार करणे, शेतावर न्यावयाची शिदोरी बांधणे. एवढे उरकल्यावर तिचा ‘कामाचा’ दिवस सुरू होतो. पावसाळ्यात निंदण, आश्विनात सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी. सायंकाळी परतल्यावर पुन्हा चूल अथवा गॅस, पुन्हा भांडी. जेवणे झाल्यावर दिव्याखाली सुई-दोरा. मोठ्याचा सदरा धाकट्याच्या मापाचा करावयाचा, मुलीच्या झग्याची दुमडलेली किनार उलगडून त्याला आणखी एक वर्ष द्यावयाचे, जुन्या मऊ पातळातून तान्ह्याचे झबले आणि कुंची काढावयाची. उरलेल्या चिंध्या गोधडीला. उन्हाळ्यात शेतीला विसावा मिळतो. तिला मिळत नाही. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचे तिखट, धान्याची निवड हे सारे त्याच दिवसांत.

या कामात जे कौशल्य आहे ते गणवेशाच्या घोटाळ्याने उलट बाजूने सिद्ध केले. घरी शिवणारी आई मुलाला डोळ्यांनी मोजते. तो यंदा किती वाढेल याचा अंदाज तिला असतो, म्हणून ती बाहीत आणि खालच्या दुमडीत कापड राखून ठेवते. सरकारी यंत्रणेला एवढे साधे गणित जमले नाही. कारण हे गणित आहे, हेच तिला ठाऊक नव्हते.

घराच्या या अर्थकारणावर बाहेरचे अर्थकारण सतत आघात करीत असते. एके काळी या भागात ज्वारी आणि कापूस ही मुख्य पिके होती. ज्वारीतून माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा मिळे. धुऱ्यावरची अंबाडी भाजीला आणि दोराला उपयोगी पडे. मूग-उडीद घरात येई. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ही रचना पालटून टाकली. सोयाबीन शेतातून थेट बाजार समितीत जाते. ते घरच्या ताटात येत नाही. ज्याचे तेल गिरणीत निघते त्याच शेतकऱ्याची बायको तेलाची पिशवी दुकानातून आणते. कापसाचीही तीच कथा. कारंजा-मंगरुळपीरच्या रानातला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि तयार कपडे होऊन आठवडी बाजारात परत येतो. घरात जे पिकत होते ते विकत घ्यावे लागले, की काटकसरीचा सारा भार स्वयंपाक करणारीवर आणि शिवणारीवर पडतो. शेतमालाचे भाव कोसळले म्हणजे ती अधिक ठिगळे लावते, भाजीत अधिक पाणी घालते आणि स्वतःच्या ताटात कमी वाढून घेते. मंदीचा धक्का असा घरातल्या घरात जिरविला जातो; म्हणूनच तो कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

अर्थशास्त्राने या श्रमाकडे पाहण्याचे टाळले, असेही म्हणता येत नाही. प्राध्यापक पिगू यांनी १९२० मध्येच ही विसंगती नोंदविली होती : एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर असलेल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, काम मात्र तेच राहते. १९३४ मध्ये मार्गारेट रीड या विदुषीने त्यावर सोपी कसोटी सुचविली. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते ते उत्पादक काम होय, मग ते घरात का होईना. स्वयंपाक, शिवण, धुणे ही सारी कामे या कसोटीला उतरतात. पण राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मधलीच वाट काढली. घरच्यासाठी शिवलेला कपडा ही वस्तू असल्याने तो तत्त्वतः उत्पादनात धरावयाचा; घरच्यांसाठी रांधलेले अन्न मात्र सेवा म्हणून वगळावयाचे.

भारतीय आकडेवारीत या शिवणाऱ्या स्त्रीला तिचा असा क्रमांकही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत केवळ घरकाम करणारीला ९२ क्रमांक मिळतो. घरकामासोबत सरपण-चारा-भाजी गोळा करणारी, घरच्यासाठी शिवणारी, विणणारी जी असेल तिला ९३. म्हणजे ती शिवते हे सरकारला माहीत आहे, नोंदविलेले आहे. आणि तरीही दोन्ही क्रमांकांतील स्त्रिया श्रमशक्तीच्या बाहेर! हा अज्ञानाचा प्रश्न नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

वेळेची मोजणीही आता झालेली आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. जे थोडे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी कमी झाले, यावर समाधान मानावयाचे असेल तर पुरुषाचेही नऊ मिनिटांनी कमी झाले, हे ध्यानी घ्यावे.

या श्रमाला पैशात मोजण्याची वेळ एकाच ठिकाणी येते, आणि ती म्हणजे न्यायालयात, नुकसानभरपाईच्या दाव्यात. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणींच्या सेवेचे मोल दरमहा ३००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मधील कीर्ती खटल्यात गृहिणीच्या कल्पित उत्पन्नाच्या तत्त्वाची न्यायालयाने पुन्हा सविस्तर मांडणी केली. जिवंतपणी शून्य आणि मृत्यूनंतर मोल, असा हा न्याय आहे.

आता १०० रुपयांच्या शिलाईकडे परत यावे. घरात जे काम फुकट होते, त्याच कामाला बाहेर कमी दाम मिळतो. कारण ते ‘बायकांना येतेच’. शिकावे लागत नाही, म्हणून कौशल्य नाही. कौशल्य नाही, म्हणून मजुरी नाही. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या स्त्रीची स्थिती पाहावी. तिच्यासाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १००० रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, असे मानधन ठरविले. राज्याने त्यात पुढे भर घातली, पण केंद्राचा आकडा दशकाहून अधिक काळ जागचा हलला नाही. शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे : वेतन नव्हे, मानधन. अंगणवाडी सेविकांनाही ‘मानसेवी’ म्हणून बाजूला ठेवण्यात आले. त्या उपदानाला पात्र आहेत हे सांगावयास एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. रांधणे, शिवणे, मूल सांभाळणे ही तिन्ही कामे घराचा उंबरठा ओलांडून सरकारी योजनेत आली, पण येताना घरातले शून्य सोबत घेऊन आली.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले, शिलाई यंत्रांचे वाटप. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून वर्षानुवर्षे यंत्रे वाटली गेली. यंत्र वाईट नाही. परंतु कामाचा दर न ठरविता दिलेले यंत्र स्त्रीला कमी मजुरीच्या स्पर्धेत उतरविते. दुसरे उत्तर अनुदानाचे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या दरमहा १५०० रुपयांच्या योजनेने अनेकींच्या हाती प्रथमच स्वतःचा म्हणावा असा पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अनुदान ही कृपा असते आणि मजुरी हा हक्क असतो. कृपा निवडणुकीच्या हवेवर चालते.

घरातल्या श्रमाला दाम लावल्याने मायेचा बाजार होईल, असा आक्षेप काही सज्जन घेतात. मायेला दाम लावा असे कोणी म्हणत नाही. झबले शिवताना आईला आनंद होतो, म्हणून तिच्या डोळ्यांना शीण होत नाही असे नाही. शिक्षकाचेही विद्यार्थ्यावर प्रेम असते. तेवढ्यासाठी त्याचा पगार कोणी रोखत नाही.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला हा विषय परका नाही. श्रीमती मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध उभ्या राहिलेल्या आंदोलनात हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघराने राजकारणाचा दरवाजा ठोठावला. तेलाच्या आणि धान्याच्या भावाचा प्रश्न विचारला गेला. लाटणे धरणाऱ्या हाताच्या श्रमाचा मात्र तेव्हा मागे राहिला. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीने स्त्रीला घराजवळ काम मिळवून दिले. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रीला इतरांइतकीच मजुरी देण्याची तरतूद होती. मूल सांभाळणे हे माती खोदण्याइतकेच काम आहे, असे कायद्याने एकदा मान्य केले. अंमलबजावणी दुबळी राहिली, तरी तत्त्व पुढे नेण्याजोगे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. गणवेशाची शिलाई गावातच व्हावी, मापे मुलांची घ्यावीत आणि दर किमान वेतनाच्या व लागणाऱ्या वेळेच्या हिशेबाने ठरावा. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी बाजारभावाऐवजी जीवनमानाशी जोडण्याचा निर्णय घेतला होता. वर्धा जिल्ह्यातून मिळालेला हा धडा शासनाला परवडणार नाही असे नाही. शाळेतील स्वयंपाकिणीला मानधनाऐवजी वेतन मिळावे. सोंगणी आणि वेचणीच्या हंगामात गावोगाव पाळणाघरे चालावीत, नळाला रोज पाणी यावे. कारण स्त्रीचे तास वाचविणारी सुधारणा हीच तिची पहिली मजुरीवाढ होय.

एक मागणी मात्र शासनाकडे करता येणार नाही. कार्यकर्त्याच्या घरी रात्री उशिरा बैठक संपते, समतेचा ठराव एकमताने संमत होतो आणि दहा जणांची पाने वाढली जातात. त्या ठरावावर चर्चा चालू असताना आतल्या खोलीत भाकरी थापणारी स्त्री सभासद असते की नसते, हे कोणी विचारीत नाही. साने गुरुजींना स्वयंपाक, दळण, धुणे यांपैकी कशाचाही कमीपणा वाटला नाही. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी जेवण झाल्यावर आपले ताट उचलून घासावे आणि फाटलेल्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावावी. त्यासाठी शासन-निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.