कोवळं ऊन आणि साठ हजारांची पुडी

माझा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी : ९. बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं, २०च्या खाली म्हणजे कमतरता. आणि हे कुठे? तर पुण्यात, जिथे मार्च उजाडला की ऊन नको नको होतं!

‘‘पण डॉक्टर, माझं टेबल खिडकीलाच आहे. रोज अंगावर ऊन येतं.’’

‘‘काच बंद असते ना? मग उजेड येतो, ऊब येते. पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे यूव्हीबी किरण काचेबाहेरच राहतात.’’

बाहेर पडले तरी काय दिवे लावते म्हणा! स्कार्फ, सनकोट, हातमोजे, गॉगल. टूव्हीलरवरच्या पुणेरी मुलीचा युनिफॉर्म! त्यामुळे डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या. साठ हजार युनिटची एक पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे. मी इमानदारीत घेतल्या. त्यानंतर टेस्ट केली, आकडा वर आला, मी खूश.

आणि इथेच मी माती खाल्ली.

आईचे गुडघे दुखतात. मी केमिस्टकडून आणखी एक पाकीट आणलं आणि तिच्या हातात ठेवलं. ‘‘घे गं, हल्ली सगळेच घेतात. साधं व्हिटॅमिन तर आहे.’’ आठवड्यातून एकदा, हे सांगायचं राहूनच गेलं. आई शिस्तीची. रोज रात्री दुधात एक. सहाव्या दिवशी फोनवर सहज म्हणाली, ‘‘अगं, तुझ्या पुड्या संपत आल्या की.’’ माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

हिशेब ऐका. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे, ऊन फारसं न मिळणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा कोटा. आईने पाच दिवसांत पाचशे दिवसांचा संपवला होता! हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि शेवटी किडनीला त्रास. रक्त तपासलं, कॅल्शियम नॉर्मल निघालं. नशीब आमचं. पण रिपोर्ट येईपर्यंतची ती रात्र मला विचारू नका.

गंमत म्हणजे उन्हात हा घोळ होतच नाही. गरजेपुरतं तयार झालं की पुढचं ऊन त्यातलं जास्तीचं मोडून टाकतं. त्वचा काळवंडेल, भाजेल, पण व्हिटॅमिन डीचा ओव्हरडोस होणार नाही. पुडीला असा ब्रेक नाही. तिथे मोजणारं कुणीतरी लागतं.

मग रोज सकाळी कोवळं ऊन खायचं का? इथेही आपली विकेट पडते. सूर्य खाली असला की यूव्हीबी किरण वातावरणातच अडकतात, त्यामुळे कोवळ्या उन्हात ते जेमतेमच पोचतात. सोपी खूण सांगते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ थांबायचं आणि कातडी चुरचुरण्याआधी सावलीत यायचं. सावळ्या त्वचेला जरा जास्त वेळ लागतो. गच्चीवर भरदुपारी पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे न मागता मिळत होतं.

म्हणून गोळ्या-पुड्या वाईट का? अजिबात नाही. नऊवरून वर यायला मला त्याच उपयोगी पडल्या. पण ते रिपेअरचं काम आहे, डॉक्टरांनी नेमून दिलेलं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर २०२४मध्ये सांगितलं, की धडधाकट माणसांनी उगाच ही टेस्ट करत बसू नये आणि पन्नाशीच्या आतल्यांनी रोजच्या गरजेपेक्षा जास्तीचा डोस मनानेच घेऊ नये. आणि दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन आईला? बाई गं, कधीच नाही!

आता रविवारी साडेअकराला आम्ही दोघी गच्चीवर असतो. मी स्कार्फशिवाय, आई पदर खोचून. परवा म्हणाली, ‘‘हे बरंय. यात चुकायला काही नाही.’’

मी गप्प बसले. टोमणा होता, पण हक्काचा होता.