स्फोटाचे गणित आणि आपली गावे
(द्वितीय वर्ष, कला)

कारखान्यात स्फोट झाला, की आपल्याकडे सारे ठरल्याप्रमाणे घडते. मंत्री पाहणी करतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि वृत्तपत्रांत 'दुर्दैवी घटना' असे शब्द छापून येतात. माझा आक्षेप या 'दुर्दैवी' शब्दाला आहे. दैवात काय आहे ते आधी कळत नाही. दाबाखालचे भांडे फुटले तर काय होईल, हे मात्र पुष्कळ अंशी आधी कळते.

२३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्स या कारखान्यात स्फोट झाला. आधी बातमी आली 'बॉयलर फुटला', मग कळले की तो रिॲक्टर होता. दहाहून अधिक माणसे गेली. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटात बारा जणांचा बळी गेला होता. आठ वर्षांत आपण काय शिकलो?

घरच्या कुकरात हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट दाब असतो. कारखान्यातील भांड्यात तो कितीतरी पट असतो. बॉयलरमधले पाणी शंभर अंशांहून कितीतरी तापलेले असूनही केवळ दाबामुळे पाणी राहते. भांडे फुटताच त्यातील काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. भांड्याचा आकार, आतला दाब आणि आतला पदार्थ माहीत असला, की धक्का कुठवर जाईल याचा हिशेब मांडता येतो. शक्ती आठपट झाली तर तितकाच धक्का दुप्पट अंतरावर पोचतो. खिडकीची काच फुटायला हवेच्या दाबाचा दोन-तीन शतांश धक्काही पुरतो. उडणाऱ्या पत्र्यांचा नेम मात्र सांगता येत नाही. १९८४ साली मेक्सिकोत गॅसच्या टाक्या फुटल्या, तेव्हा काही टाक्या शेकडो मीटर दूर जाऊन पडल्या. भांडे केव्हा फुटेल, हेही गणित सांगत नाही. फुटले तर कोणाच्या दारापर्यंत येईल, एवढे ते सांगते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा १८६४ चा कायदा आला. १९८४ मध्ये भोपाळ झाले, तेव्हा १९८९ चे नियम आले. धोकादायक रसायनांच्या मोठ्या कारखान्यांभोवती राहणाऱ्यांना धोक्याची माहिती द्यावी, असे हे नियम सांगतात. म्हणजे वरातीमागून का होईना, घोडे आले. पण ते फायलीतच बांधून ठेवले आहे!

आपल्या पनवेलच्या एका अंगाला तळोजा, दुसऱ्या अंगाला रसायनी आणि पाताळगंगा. गावे कारखान्यांच्या आधीची. नव्या इमारती त्यांच्या नंतरच्या. दोघांनाही हा हिशेब कोणी सांगितलेला नाही. सांगितलाच तर तो इंग्रजीत असतो. माझ्या घरात इंग्रजी कागद वाचणारा मी पहिलाच. जी माणसे कारखान्याच्या कुंपणालगत राहतात, त्यांच्यापर्यंत अशी कागदपत्रे पोचणार कशी?

लोक घाबरतील, असे काहीजण म्हणतील. पण न सांगितल्याने धोका टळत नाही, फक्त लोक गाफील राहतात. मोठा आवाज झाला की आपण खिडकीशी धावतो, आणि काच लागते ती तिथेच. ही एक गोष्ट माहीत असली तरी कित्येकांचे डोळे वाचतील.

म्हणून माझी मागणी साधी आहे. धक्का कुठवर पोचेल, भोंग्याचा अर्थ काय, कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे मराठीत, नकाशासह, प्रत्येक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागावे. गणित इंजिनिअर करतील. ते आपल्या माणसांच्या भाषेत आणणे हे काम आपले, कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात झाडे लावूच. त्याबरोबर हेही काम हाती घ्यावे, अशी प्राध्यापकांना आणि मित्रांना माझी विनंती आहे.