दर दहावा माणूस

आमच्या गावच्या संगीत महोत्सवात शेवटच्या रात्री फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक गुलाबी कागद कोंबला जातो. ‘कार्यक्रम कसा वाटला? उत्कृष्ट / चांगला / बरा.’ चौथा पर्याय नाही. अर्धे कागद बाहेरच्या भेळवाल्याच्या कामी येतात, उरलेल्यांवर ‘उत्कृष्ट’पुढे खूण असते आणि ‘रसिकांनी भरभरून दाद दिली’ हे वाक्य अहवालात पुन्हा एकदा छापलं जातं. यंदा महोत्सवाआधीच्या बैठकीत मी म्हटलं, हा कागद बंद करा आणि श्रोत्यांना खरोखरच काही विचारा. त्यावर बरीच खडाजंगी झाली. तिथे बोलायचं राहून गेलं ते इथे मांडतो.

पहिला आक्षेप कार्यवाहांचा: “मांडव भरला होता ना? मग विचारायचं काय त्यात?” गर्दी हाच पुरावा मानायचा, तर ती निदान नीट मोजा. शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद मैदान म्हणजे पाच हजार चौरस मीटर. चौरस मीटरला चार माणसं धरली, म्हणजे कोपर हलवायलाही जागा नाही अशी, तरी होतात वीस हजार. अशाच मैदानातला ‘लाखाचा जनसमुदाय’ आपण दर निवडणुकीला वर्तमानपत्रात वाचतो. बर्कलीला पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभा पाहताना खालच्या चौकातल्या चौकटींवरून हाच हिशेब मांडला होता. त्याला यंत्र लागत नाही, थोडी लाज लागते. आणि आकडा खरा निघाला तरी माणसं कशासाठी आली, कशाला कंटाळली आणि कधी उठली, हे त्यातून कळत नाहीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोक खरं बोलत नाहीत. हे मला मान्य आहे, कारण मी ते अनुभवलंय. मागच्या वर्षी दुसऱ्या रात्री मी वही घेऊन फाटकाशी उभा होतो. सव्वानऊला एक बाई पदर सावरत लगबगीने बाहेर आल्या. “कसं वाटलं?” म्हटलं. “छान, फारच छान,” म्हणाल्या आणि चालू पडल्या. मी चार पावलं त्यांच्याबरोबर गेलो. “मावशी, मग एवढ्या लवकर?”

“अहो, साडेनऊची शेवटची एसटी. ती चुकली की सकाळपर्यंत स्टँडवर.”

त्यांच्यामागून त्याच वाटेच्या आणखी सात-आठ जणी निघाल्या. पत्रिकेवर ज्यांचं नाव सगळ्यांत मोठ्या टायपात होतं, त्या गायिका मंचावर आल्या पावणेदहाला. तोवर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांचं सत्र रंगलं होतं. म्हणजे त्या बाई आल्या ज्यांच्यासाठी, त्यांना न ऐकताच परतल्या, आणि गुलाबी कागदावर त्यांनीही ‘उत्कृष्ट’वरच खूण केली असती.

यात त्यांचा खोटेपणा नाही, माझा प्रश्न वाईट होता. तोंडावर मत विचारलं की आपल्याकडे माणूस यजमानाचा मान राखतो. लग्नात ‘जेवण कसं झालं?’ असं विचारल्यावर ‘वरण पाणचट होतं’ असं कुणी म्हणतं का? पण ‘जिलबी दुसऱ्यांदा घेतली का?’ असं विचारा, म्हणजे आचाऱ्याची परीक्षा होते. मत विचारू नका, काय घडलं ते विचारा.

तिसरा पक्ष तरुणांचा. मांडवात क्यूआर कोड लावू, शेकडो उत्तरं मिळतील. मिळतीलही, पण कोणाची? १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी अध्यक्षपदी लँडन निवडून येणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचे होते, आणि उलट टपाली उत्तर पाठवायची हौस तर त्यांतल्याही थोड्यांनाच होती. एसटी गाठायला पळणारी बाई कोड स्कॅन करायला थांबत नसते.

चौथा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांचा. “उत्सव म्हणजे काय साबण आहे, गिऱ्हाइकाला विचारत बसायला?” साबणाबद्दल मी त्यांच्या बाजूचा आहे. गाण्याला पाचपैकी किती तारे, हा प्रश्न मलाही शिसारी आणतो. काय गायचं हे श्रोत्यांच्या बहुमताने ठरू नये. पण विचारपूस म्हणजे गिऱ्हाइकी नव्हे. भंडाऱ्याला किती पत्रावळी उठल्या हे मोजूनच पुढच्या वर्षीचा शिधा ठरतो, त्याने प्रसादाचं पावित्र्य उणं होत नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा भजन एकत्र आणि पंगती जातवार वेगळ्या, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलं. त्यांची वारीवरची माया त्यामुळे आटली नाही.

आता माझं म्हणणं. थोड्यांना विचारा, पण निवड आपल्या हाती ठेवू नका. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणीच्या पाहण्यांमधून दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण चौकटीच्या कडेवरचं ताट कापणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढलं जातं. फाटकावरचा स्वयंसेवकही असाच. तो हसऱ्या, ओळखीच्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाला थांबवतो आणि कडेवरचं ताट आत घेतो. म्हणून दर दहावा. मग तो खेकसणारा असो, नाहीतर सरपंचांचा मेहुणा. मोजणी सुरुवातीपासून हवी, नाहीतर लवकर उठणारे निसटतात आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात. प्रश्न तीनच: कुठून आणि कशाने आलात? किती वाजता आलात आणि आता का निघालात? त्रास कशाचा झाला? नाव नको, मोबाइल नंबर तर नकोच. या गावात एका वहीत लिहिलेला नंबर दुसऱ्या महिन्यात कुणाच्या प्रचाराला लागेल याची खात्री नसते. विचारणाऱ्याच्या छातीवर समितीचा बिल्ला नसावा.

आणि न येणाऱ्यांचं काय? वर्गणी देऊन मांडवात न फिरकणारी घरं यादीत आहेतच, त्यांच्याकडे जावं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला २०००च्या नियमांनी बंदी आहे. सणासुदीला, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आम्ही ती सवलत पूर्ण वापरतो. मागच्या गल्लीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांना आम्ही ती वापरताना विचारलेलं नाही.

शेवटी मला एका रात्रीची परवानगी मिळाली. फाटकावर कॉलेजची दोन मुलं आणि दोन मुली उभ्या केल्या. तिसऱ्या प्रश्नाला मुलांच्या वहीत ‘पार्किंग’ आणि ‘डास’ आलं. मुलींच्या वहीत पान उलटलं तरी एकच तक्रार होती: बायकांचं स्वच्छतागृह शाळेच्या मागच्या अंगाला, तिथे दिवा नाही आणि आतून कडी लागत नाही. बायकांनी ते आवाज खाली करून सांगितलं, आणि समोर मुलगी होती म्हणून सांगितलं. माझ्या मागच्या वर्षीच्या वहीत याचा एकदाही उल्लेख नाही.

दोन्ही वह्या मी बैठकीत वाचून दाखवल्या. सत्कार मुख्य गायनानंतर ठेवायचे, यावर होकार आला, जरा कुरकुरत. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका परवा हाती आली. तिच्यात स्वागतकमानीची उंची तिसऱ्या क्रमांकावर आहे, दिवा आणि कडी अकराव्या.